वृत्तपत्रातील माणूस

थोर पुरुषांना आपल्यापैकी फारच थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. त्यांचे जे चित्र आपण मनात बाळगतो, ते बहुधा छापील कागदाने रेखाटलेले असते. ते कसे घडते, हे समजून घेण्यास लोकमान्य टिळकांचे उदाहरण उद्बोधक आहे.

१९१० साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातील अशांततेवर लेखमाला लिहिली. पुढे तिचे पुस्तक झाले. त्यात त्यांनी टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक ठरविले. हे दूषण होते. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. सुटकेनंतर त्यांनी चिरोलवर लंडनच्या न्यायालयात बदनामीचा दावा लावला आणि १९१९ साली ते तो हरले. मराठी वाचकाने मात्र त्या दूषणाचेच भूषण केले. तसबिरीखाली आज आपण तेच शब्द आदराने लिहितो. 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' ही हेटाळणीही अशीच उलटली. याचे एक कारण 'केसरी'. १८८१ पासून आठवड्यामागून आठवडा वाचकांच्या मनात टिळकांचे दुसरे चित्र तयार होत होते; त्यावर चिरोलची शाई बसली नाही.

पण पत्र हाती असले म्हणजे भागते, असेही नाही. 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. त्यांची लेखणी कोणाहून उणी नव्हती, तरी सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. वाचकाच्या मनात आधीपासून काय दडले आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

चित्र जसे लिहिण्याने घडते, तसे वगळण्यानेही. आपल्या पांढुर्ण्याचेच पाहा ना! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते आणि बाहेरच्या पत्रांना आपले गाव आठवते. उरलेले वर्षभर येथील माणसे संत्री पिकवितात, कापूस वेचतात, ती मात्र वार्ता होत नाही. सौंसरलाही संत्र्याच्या भावाखेरीज क्वचितच जागा मिळते. माणसांच्या बाबतीत हे अधिक गंभीर ठरते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला. त्यास छत्रपती शाहू महाराजांनी अर्थसाहाय्य केले होते. पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, असे धनंजय कीर यांनी आंबेडकर-चरित्रात नोंदविले आहे. टिळक त्या वेळी हयात होते. ज्या पत्राने एका नेत्यास घराघरांत नेले, त्याच्याच स्तंभांत दुसऱ्याच्या पत्राचे नावही येऊ शकले नाही. 'मूकनायक' फार काळ टिकला नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले, १९३० साली 'जनता'. आणि १९५६ साली 'जनता'चेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले.