छापखाना, मायबोली आणि धर्म : युरोपच्या इतिहासातून आपल्या घरासाठी

शाळेच्या इतिहासात ‘प्रबोधन’ आणि ‘धर्मसुधारणा’ हे शब्द जोडीनेच येतात. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरून जातात. घरी विचारलं तर उत्तर मिळतं, “ते ख्रिश्चनांचं आहे, आपला काय संबंध?” संबंध आहे. धर्म लोकांना समजेल अशा भाषेत द्यायचा की नाही, हा प्रश्न तेव्हा युरोपात होता आणि आज तो आपल्याही घरात आहे.

प्रबोधन म्हणजे काय?

१४ व्या शतकापासून इटलीतल्या शहरांत जुन्या ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा अभ्यास नव्याने सुरू झाला. कला, विज्ञान, माणसाची बुद्धी यांना मान मिळाला. यात मुसलमानांचा वाटा मोठा होता. कागद युरोपात पोहोचला तो मुस्लिम जगातूनच. १२ व्या शतकात स्पेनच्या टोलेडो शहरात अरबी ग्रंथांचे लॅटिन तर्जुमे झाले. इब्न सीनांचा ‘अल-कानून’ युरोपच्या विद्यापीठांत शेकडो वर्षे वैद्यकाचे पुस्तक म्हणून शिकवला जात होता.

आपला भागही तेव्हा मागे नव्हता. उदगीरच्या शेजारी, बिदरमध्ये ख्वाजा महमूद गवान यांनी १४७२ मध्ये भव्य मदरसा बांधला. त्याच्या कुतुबखान्यात ३००० किताबं होती असं सांगतात. पण ती सगळी हाताने लिहिलेली. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून गवान यांचा शिरच्छेद झाला. पुढे औरंगजेबाच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटात मदरशाचा मोठा भाग पडला. किताबांच्या प्रती घरोघर गेलेल्या नव्हत्या, त्यामुळे इल्म इमारतीबरोबरच संपलं.

छापखान्याने काय केलं?

जर्मनीत गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापलं. १५१७ मध्ये विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथरने चर्चविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं तेव्हा विकली जात होती, त्यावर त्याचा मुख्य आक्षेप होता. असे आक्षेप आधीही घेतले गेले होते. ल्यूथरचे मुद्दे मात्र छापून काही आठवड्यांत जर्मनीभर पसरले. १५२२ मध्ये त्याने बायबलचा ‘नवा करार’ साध्या जर्मन भाषेत आणला आणि १५३४ मध्ये पूर्ण बायबल. पाद्री सांगेल तेवढंच ऐकणारी माणसं स्वतः वाचू लागली.

याच छापखान्याने १५४३ मध्ये बाझल शहरात कुरआनचा लॅटिन तर्जुमा छापला. शहराच्या अधिकाऱ्यांनी तो अडवला, तेव्हा ल्यूथरने छापू देण्याच्या बाजूने पत्र लिहिलं. हेतू इस्लामचं खंडन करण्याचा होता, हे विसरू नये. शेतकऱ्यांच्या उठावातही तो सरदारांच्या बाजूने उभा राहिला. धर्मसुधारणेतून पुढे १६१८ ते १६४८ असं भयंकर युद्धही झालं. तेव्हा त्या काळाचं नुसतं कौतुक नको.

गोव्यातली मराठी

याच वादाची एक लाट आपल्या किनाऱ्यावर आली. ल्यूथरच्या विरोधात उभ्या राहिलेल्या कॅथलिक चर्चच्या जेझुइट संघाने १५५६ मध्ये गोव्यात छापखाना सुरू केला, भारतातला पहिला. तो खरं तर अबिसिनियाला निघाला होता. प्रोटेस्टंट झालेल्या इंग्लंडमधून बाहेर पडलेला कॅथलिक थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने मराठी शिकून सुमारे ११ हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं. देवनागरी टाइप नव्हता म्हणून अक्षरं रोमन, पण भाषा मराठी! त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही आपले विचार मराठी ओवीत मांडत होते.

पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. गोव्यात इन्क्विझिशनचा धाक होताच. छपाईही बंद पडत गेली. ज्या भाषेतून धर्म शिकवला, तीच भाषा सत्तेने दाबली.

आपण काय घ्यावं?

आपल्याकडे छपाईला उशीर झाला. उस्मानी सल्तनतीत इब्राहिम मुतफर्रिका यांच्या छापखान्यातून पहिलं पुस्तक १७२९ मध्ये निघालं, म्हणजे गुटेनबर्गनंतर पावणेतीनशे वर्षांनी. त्याच शतकात दिल्लीत शाह वलीउल्लाह यांनी कुरआनचा फारसी तर्जुमा केला आणि त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी उर्दू. लोकांना समजावं, हाच हेतू.

इस्लाममध्ये अरबी मूळ जसंच्या तसं आहे, आणि ते वाचायला पाद्रीची परवानगी लागत नाही. तरी लातूर-नांदेडची किती मुलं नाजरा पूर्ण करतात आणि अर्थ एका आयतीचाही सांगू शकत नाहीत? शाळा मराठी किंवा इंग्रजी माध्यमाची, घरातली दीनी किताबं उर्दूत, आणि मुलाला उर्दू लिपी येत नाही. दार उघडं असूनही मूल बाहेरच उभं राहतं.

यावर उपाय घरातच आहे. उर्दू शिकवा, ती आपली दौलत आहे. पण मूल उर्दू शिकेपर्यंत त्याला थांबवून ठेवू नका. कुरआनचे मराठी तर्जुमे मिळतात. मगरिबनंतर पाच आयती अरबीत, मग त्यांचा अर्थ मराठीत, असं एकाने वाचावं आणि बाकीच्यांनी विचारावं. मुलाने अवघड सवाल केला तर गप्प बसवू नका, आलिमांकडे घेऊन जा. मायबोलीत समजलेली गोष्ट माणूस लवकर विसरत नाही.