शिष्यवृत्ती परीक्षा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिष्यवृत्ती परीक्षेची तारीख कळली की घरातलं बोलणंच बदलतं. क्लास लागतो, टीव्ही बंद होतो, जेवताना शेजारच्या मुलाच्या सराव परीक्षेतल्या गुणांचा विषय निघतो. मुंबईतल्या मनोरीसारख्या गावात आणखी एक धाकधूक असते. परीक्षा केंद्र खाडीपलीकडे आलं, तर सकाळी बोटीने मार्वेला उतरायचं आणि तिथून मालाडच्या गर्दीत एखादी अनोळखी शाळा शोधायची. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एवढ्यानेच दडपण येऊ शकतं. त्यात मोठ्यांच्या ऐकीव समजुतींची भर पडली की मूल प्रश्नपत्रिका हातात येण्याआधीच थकतं.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेतर्फे होणारी ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीत होत असे. २०१६-१७पासून ती पाचवी आणि आठवीत गेली आणि २०२५ साली शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे आणायचं ठरवलं. इतक्या पिढ्यांनी ही परीक्षा दिली, तरी तिच्याबद्दलचे गैरसमज काही कमी झालेले नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की, मुलाला धीर द्यायचा असेल तर आधी खरी माहिती द्यावी. काय होणार आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याची भीती निम्मी होते.

गैरसमज १: या परीक्षेत मुलाची हुशारी कळते.

वस्तुस्थिती: परीक्षेत दोन पेपर असतात. प्रत्येकात ७५ प्रश्न, १५० गुण आणि ९० मिनिटं. पहिल्या पेपरमध्ये प्रथम भाषा आणि गणित, तर दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. बुद्धिमत्ता चाचणीत संख्यामालिका, आकृत्यांचा क्रम, सांकेतिक भाषा, दिशा असे ठरावीक प्रकार येतात आणि ते सरावाने जमतात. मुलाची चित्रकला, त्याचं धाडस, माणसं जोडण्याची हातोटी, भरती-ओहोटीबद्दलची त्याची जाण यातलं काहीही या दोन पेपरांत येत नाही. ठरावीक वेळात ठरावीक प्रकारचे प्रश्न किती सुटले, एवढंच ही परीक्षा सांगते. मुलालाही तेवढंच सांगावं.

गैरसमज २: प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर आलंच पाहिजे.

वस्तुस्थिती: प्रश्नपत्रिकाच अशी बेतलेली असते की साधारण ३० टक्के प्रश्न सोपे, ४० टक्के मध्यम आणि ३० टक्के कठीण असावेत. म्हणजे ७५ पैकी वीस-बावीस प्रश्न अडवणारे असणारच. हे माहीत नसलेलं मूल पहिल्या कठीण प्रश्नापाशी थबकतं आणि ‘मला काहीच येत नाही’ असं धरून बसतं. माहीत असलेलं मूल तिथे खूण करून पुढे सरकतं. पात्र ठरण्यासाठी प्रत्येक पेपरमध्ये ४० टक्के, म्हणजे १५० पैकी ६० गुण लागतात. एका प्रश्नाला दोन गुण धरले, तर ३० प्रश्न बरोबर यायला हवेत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आठवीच्या परीक्षेत काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असत आणि दोन्ही नोंदवावे लागत. असे नियम परीक्षेच्या दिवशी कळण्याऐवजी आधीच माहीत असलेले बरे.

गैरसमज ३: छातीत धडधडतं म्हणजे तयारी कच्ची आहे.

वस्तुस्थिती: धडधड, घामेजलेले तळवे, पोटात गोळा या शरीराच्या तयारीच्या खुणा आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, जीआरई या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना आधी सांगितलं गेलं की अशा धडधडीने नुकसान होत नाही, उलट कामगिरी सुधारू शकते. गणिताच्या भागात त्यांना इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले. म्हणून ‘घाबरू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘धडधडतंय ना? अंग कामाला लागलंय’ असं म्हणावं.

खरी अडचण धडधडीची नसते. मनात घोळणाऱ्या काळजीने, हाताशी लागणारी स्मरणशक्ती अडवून धरली की गणित सुचत नाही. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी नववीच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मांडला होता. परीक्षेआधी दहा मिनिटं स्वतःच्या काळज्या कागदावर उतरवल्या, तेव्हा एरवी फार घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले. आपल्याकडे बोटीत किंवा जेटीवर बसल्या बसल्याही मुलाला विचारता येईल, ‘कशाची भीती वाटतेय, सांग बघू.’ त्याने सांगितलेलं मध्येच न खोडता ऐकावं.

गैरसमज ४: पहिलं सुचलेलं उत्तर कधी बदलू नये.

वस्तुस्थिती: हा सल्ला घरोघरी आणि क्लासोक्लासी दिला जातो. २००५ साली अमेरिकेतल्या दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या गेल्या. बदललेल्या उत्तरांपैकी निम्म्याहून थोडी जास्त चुकीची बरोबर झाली होती आणि बरोबरची चुकीची साधारण चौथा हिस्साच झाली होती. बदलून चुकलेलं उत्तर मनाला लागून राहतं, म्हणून हा समज टिकतो. सबळ कारण सापडलं तर उत्तर जरूर बदलावं. फक्त शिष्यवृत्तीच्या उत्तरपत्रिकेत पेनाने रंगवलेलं वर्तुळ खोडता येत नाही. म्हणून विचार आधी प्रश्नपत्रिकेवर करावा, उत्तर पक्कं ठरवावं आणि मगच वर्तुळ भरावं. घरच्या सरावातही वर्तुळंच रंगवायला द्यावीत, म्हणजे त्याला लागणाऱ्या वेळेचा अंदाज येतो.

गैरसमज ५: जितकं वाचन जास्त, तितकी तयारी पक्की.

वस्तुस्थिती: २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकच उतारा दिला. एकाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाठ्यपुस्तक चौथ्यांदा वाचून घेण्यापेक्षा पुस्तक मिटून पाच प्रश्न सोडवायला सांगणं जास्त उपयोगी आहे. आदल्या रात्रीचं जागरण तर टाळावंच, कारण शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

तयारी फक्त अभ्यासाची नसते, प्रवासाचीही असते. मनोरीच्या पालकांनी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एक फेरी केंद्रापर्यंत मारावी. बोटीची वेळ, उतरल्यावर लागणारी रिक्षा किंवा बस, शाळेचं फाटक हे सगळं मुलाने एकदा पाहिलेलं असावं. गोराई-उत्तन-भाईंदरमार्गे रस्त्याने जाण्याचा पर्याय लांबचा आहे, तेव्हा बोट एखादी आधीचीच धरावी. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत डबा खावा, पाणी प्यावं आणि पहिल्या पेपरची उत्तरं ताडून पाहू नयेत.

गैरसमज ६: ‘तू हुशारच आहेस’ म्हटलं की आत्मविश्वास वाढतो.

वस्तुस्थिती: १९९८ साली म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले. हुशारीचं कौतुक झालेली मुलं कठीण प्रश्न आल्यावर लवकर खचली आणि पुढच्या प्रश्नांत मागे पडली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं चिकाटीने लढत राहिली. ‘काल अपूर्णांकाला अडत होतास, आज पाच गणितं सोडवलीस’ या वाक्यात मुलाला स्वतःच्या हातातलं काही दिसतं. शेजारच्या मुलाशी केलेल्या तुलनेत तसं काही दिसत नाही.

गैरसमज ७: इथे मागे पडलं की शाळेतही मागे पडणार.

वस्तुस्थिती: शाळेत होणाऱ्या परीक्षांची सरमिसळ करू नये. राज्यात २०२३-२४पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. तीत कमी पडलेल्या मुलाला फेरपरीक्षा मिळते आणि तीतही जमलं नाही तर त्याच वर्गात राहावं लागतं. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर झालेलं ‘परख’ हे शैक्षणिक सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांत झालं. त्यात कुणा एका मुलाचा निकाल लागतच नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा या दोन्हींहून वेगळी आहे. तिच्या निकालाने वरच्या वर्गात जाणं अडत नाही. बसलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुलं पात्र ठरत नाहीत आणि प्रत्यक्ष शिष्यवृत्ती तर गुणवत्ता यादीतल्यांनाच मिळते.

मग बसावं कशाला? कारण या निमित्ताने मूल वेळ लावून विचार करायला, अडलेला प्रश्न सोडून पुढे जायला आणि मोठ्या दिवसाला सामोरं जायला शिकतं. परिषद नंतर उत्तरसूची जाहीर करते. ती आणि प्रश्नपत्रिका घेऊन मुलाजवळ बसावं आणि कुठे अडलं ते दोघांनी मिळून शोधावं. गुण विचारण्याआधी हे करणाऱ्या घरातलं मूल पुढच्या परीक्षेला स्वतःहून बसेल.