संगणकाची स्मृती आणि आज्ञावली

एकच संगणक पत्र लिहितो आणि हिशेबही करतो, हे कसे? १९४६ साली अमेरिकेत जाहीर झालेल्या एनिॲक यंत्राला नवे गणित द्यायचे तर तारा नव्याने जोडाव्या लागत. त्यात कित्येक दिवस जात. आकड्यांप्रमाणे आज्ञाही स्मृतीत साठवाव्यात, हा उपाय जॉन फॉन न्यूमन यांच्या १९४५ च्या अहवालात मांडला होता. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर विद्यापीठातील यंत्राने अशी आज्ञावली प्रथम चालवली. त्याची स्मृती अवघी १०२४ बिटांची होती. बिट म्हणजे शून्य किंवा एक. प्रोसेसर स्मृतीतून एकेक आज्ञा उचलतो, तिचा अर्थ लावतो व ती पार पाडतो. यंत्र तेच राहते, आज्ञावली बदलते. म्हणून आपल्या मुलामुलींनी केवळ यंत्र हाताळण्यावर न थांबता आज्ञावली लिहायलाही शिकावे.