मोटार, वळण आणि चार पोस्टकार्डें



गेल्या दिवाळींत माझा पुतण्या जळगांवाहून आपली नवी स्पोर्ट्‌स मोटार घेऊन धुळ्यास आला. "काका, हिला बाजारांतल्या ताठ, आखूड स्प्रिंगा बसवितों, मग चाळीसगांवापुढचा औट्रम घाट ही कशी चढते तें पाहा!" असें तो मोठ्या उत्साहानें म्हणाला. मीं त्याच्यापुढें चार पोस्टकार्डें ठेवलीं.

हिशेब सोपा आहे. गाडीचें वजन १२०० किलो आणि टायरांतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सव्वादोन किलो धरला, तर ती सुमारें ५३० चौरस सेंटिमीटर जमिनीवर उभी असते. म्हणजे दर चाकास १३० च्या आसपास. आपलें पोस्टकार्ड १४ गुणिले ९, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरांचें! वळणें आणि थांबणें, दोन्ही या चार पोस्टकार्डांच्या घर्षणावर अवलंबून. शिवाय वेग दुप्पट झाला, कीं त्याच वळणास लागणारें बल चौपट होतें.

म्हणून सुधारणेचा क्रम जमिनीपासून वर लावावा. प्रथम चांगले टायर व चाकांचें अलाइनमेंट; नंतर ब्रेक; मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर; स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार शेवटीं. आखूड स्प्रिंगांनीं गुरुत्वमध्य खालीं येतो व वळणांत बाहेरच्या चाकांकडे सरकणारा भार कमी होतो, हें खरें. परंतु स्प्रिंग ताठ आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनाच राहिला, तर खड्ड्यावर चाक उडतें. आणि उडालेल्या चाकाचें पोस्टकार्ड कोरेंच! मागचा अँटी-रोल बार फाजील जाड केल्यास मागचीं चाकें आधीं घसरतात व गाडी भोंवऱ्यासारखी फिरूं शकते.

कायदाहि ध्यानांत ठेवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत असे फेरफार करण्यास मनाई करतें.

पुतण्यानें प्रथम अलाइनमेंट तपासून घेतलें. पुढचीं चाकें वांकडींच निघालीं. तीं सरळ होतांच गाडीच्या तक्रारी निम्म्या मिटल्या. स्प्रिंगांचा बेत त्यानें तूर्त बाजूस ठेविला आहे.

निघतांना मीं त्याला एवढेंच सांगितलें: सुधारणेनें वाढलेली पकड वेगांत उधळूं नकोस. घाटांतील वळणापलीकडून केळींचा ट्रक केव्हां समोर येईल, हें सांगतां येत नाहीं. ती पकड त्या क्षणासाठीं शिल्लक ठेव.