घोळ कुणाचा, तिढा कुणाचा

निवडणुका आल्या की मराठी वर्तमानपत्रांत एक शब्द हटकून उगवतो: तिढा. जागावाटपाचा तिढा कायम, तिढा सुटला, तिढा आता दिल्लीत. दोन अक्षरांत मथळा भागतो म्हणून उपसंपादकांना तो आवडत असेलच, पण त्याची खरी सोय वेगळी आहे. तिढा म्हणजे दोरीला वगैरे पडलेला पीळ. तो ‘पडतो’, कुणी पाडला हे सांगावं लागत नाही. ‘हट्ट’ लिहिलं तर हट्ट करणाऱ्याचं नाव घ्यावं लागतं. त्याच बातमीत ‘जागावाटपाचा घोळ’ असं छापलं, तर मात्र वाचक लगेच विचारतो, घातला कुणी?

मराठीत न सुटणाऱ्या, न कळणाऱ्या, न संपणाऱ्या गोष्टींसाठी शब्दांचा तोटा नाही. गुंता, पेच, त्रांगडं, भानगड, लचांड, झेंगट, किचकट, क्लिष्ट, जटिल, बिकट. कोशात यांतले बरेचसे एकमेकांचा अर्थ सांगायला उभे केलेले दिसतात. बोलताना मात्र आपण त्यांची अदलाबदल सहसा करत नाही. प्रकरण किती अवघड आहे, हे या शब्दांतून फारसं कळतच नाही. कळतं ते हे, की बोलणारा दोष कुणाला देतो आहे आणि त्याला स्वतःला त्यातून किती लांब राहायचं आहे.

शब्दाबरोबर कुठलं क्रियापद येतं ते पाहिलं की हे लक्षात येतं. तिढा सुटतो, गुंता सोडवतात, कोडं उलगडतं. या तिन्हींत आशा आहे. आत धागा आहे आणि त्याला टोक आहे, असं गृहीत धरलेलं आहे. घोळ मात्र निस्तरावा लागतो, बहुधा ज्याने घातला त्याच्याऐवजी दुसऱ्यालाच. भानगड मिटवतात, म्हणजे उत्तर सापडलेलं नसलं तरी चालतं. लफडं अंगाशी येतं. झेंगट गळ्यात पडतं, आणि ज्याच्या गळ्यात पडतं त्याचा त्यात काही दोष नसतो, निदान त्याच्या सांगण्यानुसार! पेच तर चक्क दोन बाजूंनी चालतो. कुस्तीत तो टाकायचा असतो, अडचणीत सोडवायचा.

‘गुंता’ आणि ‘गुंतागुंत’ यांतही फरक आहे. मारामारी, ढकलाढकल, ओढाओढ हे शब्द पाहा. धातू दुहेरी झाला की क्रिया बऱ्याचदा परस्परांवर होते. गुंतागुंतीतही एक धागा दुसऱ्यात आणि दुसरा तिसऱ्यात अडकलेला असतो. म्हणूनच डॉक्टर ‘बाळंतपणात गुंतागुंत झाली’ असं सांगतात. त्यात कुणावर ठपका नसतो. ‘बाळंतपणात घोळ झाला’ असं डॉक्टर म्हणाले, तर नातेवाईक वकील शोधायला लागतील.

हे सगळे शब्द एकाच जागी ऐकायचे असतील तर सामाईक जमिनीच्या सातबाऱ्याजवळ बसावं. गाव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद, नमुना बारा म्हणजे पिकाची. दोन्ही एका उताऱ्यावर आले म्हणून सातबारा. मालकी बदलली की त्याची नोंद नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारात. इथवर सगळं सरळ आहे. पण आजोबांच्या नावावर असलेला चार आण्यांचा हिस्सा तीन मुलांत गेला की प्रत्येकी एक आणा चार पै होतो, कारण आण्याचे पै बारा. पुढच्या पिढीत त्या सोळा पैंना पाच वारस आले की पैसुद्धा पुरत नाही, अपूर्णांक निघतो. १९५७ साली दशमान नाणी आली आणि बाजारातून आणे हळूहळू गेले. हिश्शांच्या बोलीत मात्र ते राहिले. त्यातच एखादा काका वारस न लावता गेलेला असतो आणि एखाद्या आत्याचं नाव हक्कसोडपत्र न करताच वगळलेलं असतं. या एकाच उताऱ्याला वकील ‘गुंतागुंतीचं प्रकरण’ म्हणतो, तलाठ्याच्या लेखी ते ‘किचकट काम’ असतं आणि धाकटा भाऊ म्हणतो, “दादाने घोळ घालून ठेवलाय.” शहरात वाढलेल्या पुतण्याच्या मते ते त्रांगडं असतं, आणि ते खरंही असतं, कारण त्याला ना ते सुटायला हवंय, ना तुटायला.

विशेषणांची गोष्ट थोडक्यात. किचकट म्हणजे अवघड नव्हे. बारीकसारीक तपशिलांनी जीव खाणारं. क्लिष्ट हे ‘क्लिश्’ या पीडावाचक धातूवरून आलं आहे आणि ते बहुधा भाषेलाच लावलं जातं. शासकीय परिपत्रकाला ते शोभतं. जटिल जटांवरून आलेलं, पण आता केस सोडून समस्यांनाच चिकटलं आहे. गणितातली संमिश्र संख्या मात्र या कुणाच्याही नादी लागत नाही. तिथे दोन भाग एकत्र आहेत एवढंच सांगायचं असतं, तक्रार नसते.

लांबलचक प्रक्रियेसाठी मराठी थेट धर्मकृत्यांकडे जाते. देवकार्याला जानवं डाव्या खांद्यावर असतं, ते सव्य. पितृकार्याला उजव्या खांद्यावर, ते अपसव्य. श्राद्धात ते पुन्हापुन्हा बदलावं लागतं. दाखल्यासाठी या खिडकीवरून त्या खिडकीवर जाताना ‘किती ते सव्यापसव्य’ असं म्हणणाऱ्याला हे ठाऊक असतंच असं नाही. द्राविडी प्राणायाम त्याचा सख्खा भाऊ. समोरून सहज धरता येणारं नाक डोक्यामागून हात नेऊन धरायचं.

आणि माणसांच्या गर्दीने झालेला गोंधळ असेल, तर बारभाई. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर राघोबादादांना बाजूला सारून तान्ह्या सवाई माधवरावाच्या नावाने सखारामबापू, नाना फडणवीस वगैरे मंडळींनी कारभार हाती घेतला. हे कारस्थान तसं यशस्वी ठरलं. १७८२ च्या सालबाईच्या तहात राघोबादादांना पेशवेपदाचा नाद सोडून नेमणुकीवर समाधान मानावं लागलं. तोवर बारभाईंत बारा जण उरलेच नव्हते. खुद्द सखारामबापूंना नानांनी कैदेत टाकलं होतं. म्हणीने हा निकाल जमेस धरलेला नाही. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून सातजण एकदम बोलू लागले की मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंच, “चालला बारभाईंचा कारभार.”