जुन्या ट्रॅक्टरची ठिणगी

लकडगंजांतील आरामशीनवर करवत जड चालूं लागली, कीं जाणता कारागीर आधीं तिचे दांत पाहतो. जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरबाबत मात्र लोकांची रीत उलट दिसते. एका शेतावर ऐन मृगाचे दोन दिवस कार्बुरेटर धुण्यांत गेलेले आम्हीं पाहिले आहेत. दोष निघाला तो नखाएवढ्या दोन टिकल्यांत!

हल्लींचे आपल्याकडील ट्रॅक्टर बहुतेक डिझेलचे. त्यांत ठिणगी लागतच नाहीं. पेट्रोलच्या यंत्रांत ती या टिकल्यांमुळें पडते. मिस्त्री लोक त्यांना 'सीबी पॉइंट' म्हणतात. त्या मिटलेल्या असतांना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेंतून वाहून चुंबकत्व उत्पन्न होतें. उंचवटे असलेला एक फिरता दांडा त्यांना विलग करतो, तोंच चुंबकत्व नाहींसें होतें आणि बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत हजारों व्होल्टचा दाब येऊन प्लगमध्यें ठिणगी पडते. चार सिलिंडरचें इंजिन मिनिटास १५०० फेरे घेऊं लागलें, तर टिकल्या तेवढ्यांत ३००० वेळां उघडतात.

उंचवट्याचें टोंक टेकून टिकल्या जास्तींत जास्त दूर असतांनाच त्यांतील अंतर मोजावें. अमेरिकेंत १९३९ सालीं निघालेल्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरांत तें इंचाचे पंधरा सहस्रांश, म्हणजे सुमारें ०.३८ मिलिमीटर असतें. इतर यंत्रांचें त्यांच्या पुस्तिकेंत पाहावें. फीलर गेजची स्वच्छ पुसलेली पात किंचित अडखळत सरकली, म्हणजे अंतर बरोबर समजावें. काड्यापेटीचा पुठ्ठा घालून अंदाज करणारेही भेटतात. आम्हांस तें मान्य नाहीं.

अंतर आधीं, ठिणगीची वेळ मागाहून, हा क्रम मोडूं नये. कारण अंतर वाढलें कीं टिकल्या लवकर उघडतात व ठिणगीही लवकर पडते. दांड्यावर घांसणारा ठोकळा झिजला, कीं अंतर कमी होऊन ठिणगीस उशीर होतो. इंजिन तापतें व नांगर ओढतांना दमतें.

लवकर पडणारी ठिणगी तर अधिक वाईट. पिस्टन वर पोंचण्यापूर्वींच मागें ढकलला जातो, हँडल उलट फिरतें आणि मनगट मोडतें. याकरितां हँडल धरतांना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा आणि तें खालून वर ओढावें. वरून खालीं कधींही दाबूं नये.