नवी प्लेट, जुनं फ्लायव्हील

कार्तिकी एकादशीला, १२ नोव्हेंबर २०२४ ला, बीडजवळच्या नारायणगडाच्या चढावर आमच्या गाडीचं इंजिन एकदम ओरडलं. तिसरा गिअर, मागं आई, मावशी आणि फराळाचे डबे. पाय दाबला तसा आरपीएमचा काटा दोन हजारांवरून तीन हजारांवर गेला. वेगाचा काटा मात्र चाळीसच्या पुढं सरकेना. “गाडी दमली का रे?” मावशीनं विचारलं. दमली नव्हती. क्लच घसरत होता. आणि क्लच तर नवा होता, दिवाळीच्या तोंडावर बसवलेला, जेमतेम सहाशे किलोमीटर चाललेला.

जुना क्लच कुठं जळला तेही मला पक्कं ठाऊक होतं. बरोबर महिनाभर आधी, १२ ऑक्टोबरला, याच गडावर दसरा मेळावा झाला. चढावर गाड्यांची रांग, मुंगीच्या पावलानं पुढं. दर वेळी हँडब्रेक ओढायचा कंटाळा म्हणून अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली, तासभर तरी. धाकटी पंढरी म्हणतात या गडाला. गडावरच्या नगद नारायणाच्या दारी जाताना माणसानं सबुरी ठेवावी. मी ती क्लचच्या जिवावर ठेवली. उतरलो तेव्हा जळक्या केसांसारखा वास सगळ्या गाडीत भरला होता.

क्लच बसवणाऱ्या वर्कशॉपला फोन केला. “नवीन आहे सर, हजार किलोमीटर चालवा, बसेल.” नवी प्लेट बसायला पाचशे-सहाशे किलोमीटर लागतात हे खरं. पण घसरणारी प्लेट बसत नाही, भाजते.

म्हणून बीडला बार्शी नाक्याजवळच्या एका मिस्त्रींकडं गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. किल्ली घेतली आणि गाडी बायपासवर काढली. चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगानं शांतपणे नेली आणि मग एकदम पाय दाबला. क्षणभर काही नाही. मग टर्बोची शिट्टी, आणि तिच्यामागं लगेच काट्याची उडी. “बगा,” ते म्हणाले, “टर्बो भरला की सुटायलाय. पहिल्या-दुसऱ्यात बघून उपेग नाही, तिथं गाडी हलकी ऱ्हाती.”

सायलेन्सरकडं निघालेल्या गरम वायूवर टर्बोची चक्की फिरते आणि इंजिनात हवा कोंबते. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त पीळ, म्हणजे टॉर्क. जुन्या मारुती स्विफ्टचं उदाहरण घ्या: ११९७ सीसीच्या पेट्रोल इंजिनाचा पीळ सुमारे ११५ न्यूटन-मीटर, तर १२४८ सीसीच्या टर्बो डिझेलचा १९०, तोही दोन हजार आरपीएमलाच. क्लच म्हणजे दोन लोखंडी तव्यांमध्ये दाबून धरलेली प्लेट. एक तवा इंजिनाचं फ्लायव्हील, दुसरा प्रेशरप्लेट. पकड थोडी ढिली असली तर साधं इंजिन कदाचित निभावून नेईल. टर्बो नेत नाही. (माझी गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, या प्रकरणात तिचा दोष नाही.)

चाचांची तपासाची रीत मला आवडली. फुकटचं आधी, खर्चाचं नंतर. गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे अर्धा दिवस आणि दोन माणसं, म्हणून तो शेवटी. आधी पायाऐवजी हातानं पेडल दाबून पाहिलं. वरचा थोडा भाग सैल हलायला हवा. हा खेळ अजिबात नसेल, तर पेडल सोडल्यावरही तेल पाइपात अडकतं, तापून फुगतं आणि क्लच किंचित दाबलेलाच राहतो. खेळ ठीक होता. तरीही गाडी गरम असतानाच खाली जाऊन त्यांनी हवा काढायचं निपल सैल केलं. तेल अडकलं असतं तर पिचकारी उडाली असती. दोन थेंब ओघळले. “ह्याचा गुन्हा नाही.”

मग गाडी घोड्यांवर चढली आणि संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स खाली आला. मला वाटलं होतं, आत तेल सापडणार. क्रँकचा मागचा सील गळाला की इंजिन ऑइल प्लेटवर येतं. गिअरबॉक्सचा गळाला तर गिअर ऑइल. चाचांनी आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि नाकाला लावलं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो लपत नाही. बोट कोरडं. नुसती धूळ.

प्लेट हातात आली आणि ते हसले. प्रेशरप्लेटकडची बाजू सगळीकडं सारखी घासलेली. फ्लायव्हीलकडच्या बाजूला मात्र बाहेरची बोटभर कडा काळी, आरशासारखी चकचकीत. आतला भाग कोरा. कारखान्यात अस्तरावर छापलेला नंबर सहाशे किलोमीटरनंतरही मला चष्म्याशिवाय वाचता आला. फ्लायव्हीलवर मोरपिसाच्या डोळ्यासारखे निळे डाग. चाचांनी त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली, पोराला मागून बॅटरी धरायला लावली. कडेला पट्टी टेकलेली. आतल्या बाजूला उजेडाची बारीक रेघ.

तो दसऱ्याचा तास तिथं लिहिलेला होता. त्या उष्णतेनं तवा वाकला आणि जागोजागी कडक झाला. वर्कशॉपनं प्लेट बदलली, पण तवा तसाच ठेवला. नव्या प्लेटला टेकायला मिळाली बोटभर कडा.

दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील लेथवर गेलं. टर्नरनं पहिला हात मारला तेव्हा दर फेऱ्याला टक्-टक् आवाज यायचा. निळ्या डागांच्या जागी हत्यार उडत होतं. त्यानं लेथ थांबवला. “हे पाणी धरलेलं लोखंड हाय, दगडच लावावा लागंल.” मग ग्राइंडिंग. प्रेशरप्लेट जिथं बोल्टनं बसते ती वरची पायरीसुद्धा त्यानं तेवढीच उतरवली. नाहीतर दाब कमी पडला असता आणि आम्ही पुन्हा बायपासवर काटा बघत बसलो असतो. टर्नरचे ४०० रुपये झाले. एवढ्यासाठी गिअरबॉक्स दोनदा उतरला, आणि भाजलेली नवी प्लेट गेली ती वेगळीच. ती चाचांनी दुकानात खिळ्याला टांगली आहे, नंबर दिसेल अशी.

“पाचशे किलोमीटर बोजा टाकू नका,” ते म्हणाले. “अन् गडाला जायचं तर मावशीला सांगा, पुढच्या एकादशीला.”

पुढच्या महिन्यात गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये शिट्टी आली आणि दोन्ही काटे बरोबरीनं चढले. वळणावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, गाड्या थांबल्या. मी गिअर काढला आणि हँडब्रेक ओढला.